पाचशे रुपयांत चौघांची सहल: गोव्यात मुलांना घेऊन फिरताना

तीन वर्षांपासून आमच्या प्रत्येक सहलीचा खर्च मी एका वहीत लिहिते. आम्ही चौघं ताळगावला राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा. वही उघडली की एक गोष्ट लगेच दिसते. प्रवेश तिकिटांचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. पैसे जातात ते वाहनावर आणि बाहेरच्या खाण्यावर. म्हणून मी जागा निवडायच्या आधी या दोन रकान्यांकडे बघायला लागले आणि चौघांच्या सहलीला ५०० रुपये ही मर्यादा घालून घेतली. कधी ती ओलांडते, पण बहुतेक वेळा खर्च तिच्या आतच बसतो.

सावंतवाडी, बेळगाव किंवा कोल्हापूरहून नातेवाइकांकडे चार दिवस राहायला येणाऱ्यांनाही ही पद्धत लागू पडेल. हॉटेल, पॅकेज आणि क्रूझवाले यांच्याबद्दल मी लिहीत नाही, कारण लहान मुलांना त्यांची गरज पडलेली मी पाहिली नाही.

आधी पंचांग, मग नकाशा

किनाऱ्यावर मुलांचा दिवस चांगला जाणार की रडण्यात, हे भरती-ओहोटी ठरवते. भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते, लाटा थेट पायऱ्यांपर्यंत येतात आणि मुलांना खेळायला जागा उरत नाही. ओहोटीला तोच किनारा रुंद, ओला आणि घट्ट होतो. खड्डे खणता येतात, खेकड्यांची बिळं दिसतात, खडकांच्या खाचांत पाणी साचून छोटी तळी तयार होतात.

वेळ काढायला भिंतीवरचं पंचांग पुरतं. किनारपट्टीवरचा जुना हिशेब असा आहे: पंधरवड्यातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या तासाला भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास पुढेमागे ओहोटी. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींना १५ धरायचं. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यावरच हा हिशेब उभा आहे.

हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दूर जायचं असेल तर मोबाइलवर मुरगावचं भरतीचं वेळापत्रक बघून घ्या. जवळच्या सहलीला एवढं पुष्कळ झालं. मी मनात दोनच नियम ठेवते: त्रयोदशीपासून पुढच्या प्रतिपदेपर्यंत संध्याकाळचा किनारा, आणि तृतीयेपासून षष्ठीपर्यंत सकाळचा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं आणि खडक उघडे पडतात, पण ते परतही तेवढ्याच वेगाने येतं. म्हणून खडकांवर जायचं असेल तर ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की निघा. कारंझाळेला एकदा गप्पांच्या नादात आम्ही वेळ चुकवली. वाळूत ठेवलेल्या चारही जोड चपला लाटेने नेल्या आणि मुलांना तापलेल्या रस्त्यावरून कडेवर घेऊन यावं लागलं. तेव्हापासून चपला पिशवीत असतात, वाळूत नाहीत.

वाहनाचा रकाना

गोव्यातली टॅक्सी कुटुंबाच्या सहलीला परवडत नाही, हे इथे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. एका फेरीत पूर्ण सहलीचा पैसा जातो. त्याऐवजी तीन साधनं आहेत.

पहिलं कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शटल. पणजी ते मडगाव, पणजी ते वास्को आणि पणजी ते म्हापसा या मार्गांवर बसस्थानकातल्या खिडकीवर तिकीट काढायचं आणि रांगेने चढायचं. मध्ये थांबा नाही, म्हणून मुलं कंटाळत नाहीत. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात नोकरदारांची गर्दी असते, ती टाळा. दुसरं खाजगी बस. ती गावोगावी जाते, पण सगळीकडे थांबते आणि रविवारी व संध्याकाळनंतर तिच्या फेऱ्या कमी होतात. जाताना कंडक्टरला परतीची शेवटची बस किती वाजता ते विचारून ठेवा. आम्ही हे एकदा विचारलं नव्हतं आणि झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन दीड तास थांब्यावर उभे होतो.

तिसरं साधन मला सर्वांत प्रिय आहे.

फेरीबोट हीच सहल

मांडवी नदीवरच्या साध्या सरकारी फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. हल्ली काही धक्क्यांवर नव्या मोठ्या बोटीही चालतात, त्यांचे दर वेगळे असू शकतात, म्हणून चढण्याआधी विचारा. मुलांच्या दृष्टीने या बोटीत सगळं आहे. लोखंडी फळी खडखडत खाली येते, दुचाक्या धडाधड आत शिरतात, इंजिनाची थरथर तळपायाला लागते, वर घारी घिरट्या घालतात. पणजीहून बेतीला जाऊन त्याच बोटीने परत आलात तरी अर्धा-पाऊण तास मजेत जातो. पहिल्यांदा नेत असाल तर तेवढंच करा.

थोडा मोठा बेत करायचा तर रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जा. पलीकडे उतरलं की धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.८ चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल. प्रवेश शुल्क किरकोळ आहे. आत पायवाट आहे, म्हणून बाबागाडी नको.

इथेही पंचांग उपयोगी पडतं. ओहोटीला गेलात तर चिखल उघडा पडलेला असतो आणि मुलांसाठी खरा खेळ त्या चिखलातच आहे. एक नांगी मोठी आणि एक लहान असलेले छोटे खेकडे बिळातून बाहेर येतात, मोठी नांगी हलवतात आणि पाय वाजला की सगळे एकदम आत. चिखलावर उड्या मारणारे मासे दिसतात. मासा पाण्याबाहेर कसा जगतो, हा प्रश्न माझ्या मुलीने तिथेच विचारला. उत्तर असं, की तो कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेतो. खारफुटीची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं मुलांना दाखवा. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. नदीत ओहोटी समुद्रापेक्षा थोडी उशिरा पोहोचते, त्यामुळे हिशेबाच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने गेलात तरी चालतं.

पक्ष्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. सकाळी आठच्या आत पोहोचा. खंड्या, बगळे, पाणकावळे, ढोकरी हे तर दुर्बिणीशिवायही ओळखता येतात. लहानांना पक्ष्यांची नावं पाठ करायला लावू नका, रंग मोजायला सांगा. डास भरपूर असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डासांचं मलम घरूनच लावून निघा. पाण्याच्या अगदी काठाशी मुलांना सोडू नका, या भागात मगरी आहेत.

फेरीबोटीची तिसरी सहल दिवाडीची. तिला स्वतःची दुचाकी किंवा गाडी हवी, कारण धक्क्यापासून गावापर्यंतचा रस्ता उघड्या शेतांतून जातो आणि लहान मुलं तेवढं उन्हात चालत नाहीत. जुन्या गोव्याहून व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर या आणि बोटीने दिवाडीला उतरा. खाजन शेतांच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, दोन्ही बाजूंना पाणी आणि बगळे, आणि पुढे टेकडीवर पिएदादचं चर्च. तिथून मांडवीचा सगळा विस्तार दिसतो. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दुसरी बोट धरा आणि नार्वेला उतरा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्वेला नेलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शाळेत महाराजांच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलाला त्यांनी बांधवलेल्या देवळाच्या पायरीवर बसवून ही हकीकत सांगा. देव लपवून नदी ओलांडणारी माणसं त्याला लगेच डोळ्यांसमोर दिसतात, कारण तोही नुकताच तीच नदी ओलांडून आलेला असतो. माझ्या मते पूर्ण गोव्यात मराठी मुलांसाठी याहून चांगली अर्ध्या दिवसाची सहल नाही.

पणजीतली सोपी संध्याकाळ

ज्या दिवशी अंगात त्राण नाही, त्या दिवशी मिरामार. शेजारी गोवा विज्ञान केंद्र आहे. दुपारी चारच्या सुमारास आधी तिथे जा, हात लावून करायच्या प्रयोगांत दीड तास सहज जातो. खास शोचं तिकीट वेगळं असतं. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलांना अंधाराची भीती वाटते, म्हणून आम्ही ते घेत नाही. ऊन उतरलं की वाळूवर या. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते आणि पाण्याला ओढ असते, म्हणून इथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका. वाळू मात्र रुंद आणि सपाट आहे, फुटबॉलला उत्तम. झाडांखाली भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, एवढं तरी मुलांना सांगावं.

वास्कोची विमानं, काणकोणची गाडी

वाहनांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदल विमान संग्रहालय दाखवा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात खरी विमानं आणि हेलिकॉप्टरं उभी आहेत. त्यात चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन एवढं मोठं आहे की माझा मुलगा त्याच्या चाकाजवळच थांबून राहिला. सोमवारी बंद असतं. पणजीहून शटलने वास्को, पुढे बोगमाळोची बस. उघड्यावर सावली कमी आहे, तेव्हा टोपी हवीच.

दुसरा बेत रेल्वेचा. मडगावहून काणकोणपर्यंत साध्या गाडीने जा. वाटेत लांब बोगदा लागतो आणि डब्यातली सगळी मुलं एकदम ओरडतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. साध्या गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची गाडी आधी पाहून मगच तिकीट काढा. काणकोण स्थानकापासून पाळोळे फार लांब नाही, पण आमच्या बहुतेक वेळी गाडीत बसणं हीच सहल ठरली. समुद्र तर घराजवळही आहे.

उत्तरेला राहणाऱ्यांनी पेडण्याचं केरी निवडावं. गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत, म्हणून बसमध्ये 'पेडण्याचं, तेरेखोलकडचं' असं स्पष्ट सांगा. सुरूच्या झाडांची दाट सावली थेट वाळूपर्यंत येते. चटई पसरायला अशी जागा दुर्मीळ. तिथून तेरेखोलला फेरीबोट आहे.

डबा आणि पिशवी

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये चौघांनी नुसता नाश्ता केला तरी आमची ५०० ची मर्यादा संपते. एका ठिकाणी मेन्यूत दर न बघता मुलांना फळांचा रस मागवला आणि बिल पाहून मी परतीच्या बसचे पैसे मोजत बसले. आता नियम असा: जेवण घरचं, बाहेरचं एकच खाणं, आणि तेही गावातलं. बसस्थानकाजवळच्या किंवा बाजारातल्या साध्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि केळ्याचे बन्स पोटभर मिळतात आणि मुलं आवडीने खातात.

डब्यात दशम्या, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी, काकडीचे तुकडे. दही-भात नको, उन्हात आंबतो. केळी सर्वांत खाली ठेवू नका. पाणी माणशी एक लिटर, आणि वेगळ्या बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मुलांना घाम किती आला ते कळत नाही. मूल अचानक चिडचिड करू लागलं की मी रागवण्याआधी हे सरबत देते.

पिशवीत आणखी काय: सुती पंचे दोन, प्रत्येकाचा एक सुका जोड, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी, चिकटपट्टी, आणि पट्ट्याच्या चपला. साध्या चपला खडकावर घसरतात आणि अनवाणी पायाला कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. वाळूत बाटल्यांच्या काचाही सापडतात. प्लास्टिकची बादली-फावडं विकत घ्यायची गरज नाही. करवंटी आणि जुना डाव घेऊन जा.

पाण्यात उतरताना

इथे मी जराही सूट देत नाही. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहापर्यंत जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात जायचं. नुसता लाल झेंडा असेल तर घोट्यापर्यंतसुद्धा नाही. जिथे जीवरक्षक नाही, तो किनारा आमच्यासाठी वाळूत खेळायचा. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे आणि खडकांच्या कडेला ओढ जास्त असते.

दहा वर्षांच्या आतलं मूल पाण्यात असेल तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यात उभं हवं, वाळूवर बसून बघणारं नको. दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं, नाहीतर एकेक करून. हातात मोबाइल नको. रबरी ट्यूबवर भरवसा ठेवू नका, वारा तिला मुलासकट आत ओढतो.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला बोलवा. श्वासाला त्रास किंवा चक्कर असेल तर १०८.

खडकांतल्या तळ्यांशी खेळताना एकच शिस्त: बघायचं, बोट बुडवायचं, उचललं तर त्याच जागी परत ठेवायचं. शंख रिकामा वाटला तरी तो उलटा करून बघा, आत बहुतेक खेकडा राहत असतो. माझी मुलगी आता दुसऱ्या मुलांनाही हे सांगते.

हिवाळ्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वनखात्याची माणसं घरटी कुंपण घालून राखतात. तिथे मुलांना नेलंत तर टॉर्च आणि फ्लॅश बंद, आवाज हळू. अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस लागतात. घरट्यापाशी तारखेची पाटी दिसली तर ती नोंदवून ठेवा आणि दिवस मोजायला मुलांना द्या.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर समुद्रात जायचं नाही, आणि दूधसागर किंवा रानातले धबधबे लहान मुलांसाठी नाहीत. धबधबा दाखवायचाच असेल तर सांखळीजवळचं हरवळे. तो लांबूनही चांगला दिसतो, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच दगडात कोरलेली लेणी. खालच्या डोहात मात्र कुणीही उतरायचं नाही, जोरदार पावसात तर तिकडे जाऊच नका.

धो धो पावसाच्या रविवारी आम्ही पणजीतल्या पाटो भागात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जातो. १८३२ पासूनची ही संस्था. तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि बसून वाचायला पैसे लागत नाहीत. बसस्थानकापासून चालत जाता येतं, भिजलेल्या छत्र्या बाहेर ठेवायच्या. वहीत त्या दिवसांपुढे बसचं भाडं आणि चार बन्स एवढंच लिहिलेलं आहे.